पाचर धाकटीच्या खिशात

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पायरी आहे. घराच्या दाराशी असते तसली पायरी नव्हे. घोड्यावर बसताना ज्यांचा पाय रिकिबीपर्यंत पोहोचत नाही, त्यांच्यासाठी घोड्याच्या कडेला मांडून ठेवतात ती, तीन टप्प्यांची, चार पायांची पायरी. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना शेवटी सगळ्यांना क्षमा करून टाकतात, असे मी ऐकून आहे. तुटकी छत्री क्षमा करते, बंद पडलेले घड्याळही करते. मी तशी नाही. मी डूख धरणारी आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

माझा जन्म एका पागेत झाला. पागेचे मालक घोडे पाळत आणि लोकांना घोडेस्वारी शिकवत. त्यांना दोन मुली होत्या. थोरलीला सगळे ताई म्हणत. लांब पायांची, ताठ पाठीची आणि जिभेने तिखट. धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. तिचा डावा पाय जन्मापासून थोडा आखूड होता आणि त्या पायातल्या बुटाला जाड तळ लावलेला असे. एकदा घोड्यावर बसली की ती कुणाला हार जात नसे. अडचण होती ती फक्त बसण्याची. डावा पाय रिकिबीत घालून अंग वर उचलायचे, तिथेच तिचे घोडे अडत असे.

म्हणून वडिलांनी मला बनवले. घोडा बांधायच्या एका ठाणाचे मोडलेले दार त्यांनी फळी फळी करून सोडवले. धाकटीला भिंतीशी उभे करून तिच्या गुडघ्याची उंची कोळशाने भिंतीवर आखली आणि माझा पहिला टप्पा त्या खुणेपेक्षा बराच खाली ठेवला. गुडघा आपटला तर लागू नये म्हणून माझ्या सगळ्या कडा घासून गोल केल्या. पहिल्या दिवशी धाकटी माझ्यावर चढली आणि अलगद खोगिरावर जाऊन बसली, तेव्हा वडील नुसते हातावरचा भुसा झटकत राहिले. त्यानंतरची दोन-चार वर्षे मी सुखात होते. मला वाटे, आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत आणि ते त्या माणसाला माहीत आहे. वस्तूला याहून जास्त काही नको असते.

मग वडील आजारी पडले आणि शिकवण्याचे काम ताईकडे आले. अंगणाचा ताबा मिळताच तिने पहिला नियम केला तो माझ्याविरुद्ध.

"जमिनीवरून चढेल तो स्वार," ती शिकाऊ मंडळींना सांगे. "पायरीवरून चढेल ते ओझं."

माझ्यावर पाय ठेवणाऱ्याला संध्याकाळी सगळ्या ठाणांतली लीद झाडायला लागे. एवढ्यावर ती थांबली असती तरी मी समजून घेतले असते. पण तिने घोड्यांनाही सामील करून घेतले. घोडा माझ्या शेजारी उभा राहिला की ती जीभ टाळ्याला लावून 'च्यक्' असा आवाज काढी आणि घोडा पुढे चालू लागे. माझ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा एक पाय हवेत राही आणि अंगण खो खो हसे. पागेत येणाऱ्या प्रत्येक नव्या घोड्याला ती ही विद्या शिकवी. हळूहळू घोडे इतके तयार झाले की आवाजाचीही गरज उरली नाही. मी दिसले की ते आपणहून चालू पडत.

एका सकाळी धाकटी माझ्यावर चढली. घोडा अजून नवा होता, तो थांबून राहिला. तिचा डावा पाय रिकिबीत गेला होता, उजवा माझ्यावरून नुकताच सुटला होता. तेवढ्यात ताईने च्यक् केले.

घोडा चालू लागला आणि धाकटी वाळूत तोंडावर पडली. बूट रिकिबीत अडकून पायातून निघाला. तो जाड तळाचा बूट घोड्याबरोबर लोंबकळत अंगणभर फिरला आणि सगळे हसले. ताई सर्वांत मोठ्याने हसली. मग हसू आवरत म्हणाली, "अगं, घोडा आहे तो, पाळणा नव्हे. आणि ही पायरी आधी बाहेर काढा इथून!" असे म्हणून तिने मला लाथ घातली. माझा मागचा एक पाय सांध्यातून हलला तो कायमचाच.

धाकटी रडली नाही. तिने तोंडावरची वाळू पुसली, घोड्यामागे एका पायाने लंगडत जाऊन बूट सोडवला, तो पायात घातला आणि घरी गेली. पुन्हा ती घोड्यावर बसली नाही. पुढे चष्म्यांच्या दुकानात नोकरीला लागली आणि तिथेच राहिली. आजारी वडिलांनी विचारले, "धाकटीची पायरी कुठे गेली गं?" तेव्हा ताई म्हणाली, "मोडली." वडिलांच्या अंगात दुसरी बनवण्याची ताकद उरली नव्हती. मी मोडले नव्हते. मी खोगिरांच्या खोलीत, वडिलांच्या खोलीच्या पातळ भिंतीपलीकडे उभी होते आणि सगळे ऐकत होते.

मित्रांनो, मी त्याच दिवशी ठरवले. ही बाई कधी ना कधी माझ्यावर चढेल. त्या दिवशी मी माझा तो हलणारा पाय हलवीन.

मग पुष्कळ वर्षे गेली. माझ्यावर खुरांना लावायच्या तेलाचे डबे ठेवले गेले, ओली पोती वाळत पडली, एका मांजरीने माझ्या मधल्या टप्प्याखाली पिले घातली. मला कुणी फेकले नाही आणि कुणी विचारलेही नाही. कुणी खोके-स्टूल लावून चढू लागला की बाहेरून च्यक् ऐकू येई आणि मागोमाग हसणे. दर वेळी मला धाकटीचा तो बूट आठवे. मी माझा राग वाळवीपासून जपला, ओलीपासून जपला. लाकडापेक्षा तोच जास्त टिकला म्हणा ना.

खोगिरांच्या खोलीला एक खिडकी आहे. ती पागेच्या मागच्या बाजूला उघडते. तिथे मातीचा एक उंचवटा आहे. ताई आता साठी ओलांडून गेली होती. एक दिवस मी पाहिले, तर ती आपल्या घोडीला घेऊन गुपचूप त्या उंचवट्याशी आली. घोडीचे नाव काहीही असो, तिच्या नखऱ्यांमुळे सगळे तिला राणीसरकार म्हणत. ताईने राणीसरकारला खालच्या बाजूला उभे केले, स्वतः उंचवट्यावर चढली, इकडेतिकडे पाहिले आणि तिथून खोगिरावर बसली. जमिनीवरून चढेल तो स्वार म्हणणारी ती हीच. मग ते रोजचेच झाले. ती उजव्या खुब्यावर हात दाबून चाले आणि कुणी पाहिले की तोच हात खिशात घाली. पुढे पुढे उंचवटाही पुरेना. एका सकाळी तिने आयाळ धरली, पाय उचलायला गेली आणि तो उचललाच गेला नाही. घोडीच्या अंगावर कपाळ टेकून ती बराच वेळ उभी राहिली.

मला दया आली का? नाही. मला फार बरे वाटले.

खुब्याचा सांधा झिजून गेला होता. तो काढून नवा बसवावा लागला. ही बातमी मला मोतद्दाराकडून कळली. मोतद्दार म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे काका. ते घोड्यांशी आणि वस्तूंशी सारखेच बोलतात. आणि एका दुपारी खोगिरांच्या खोलीत चक्क धाकटी आली. केस पांढरे झालेले, गळ्यात चष्म्याची साखळी, पायात तसाच जाड तळाचा बूट. मला पाहून ती दारातच थांबली.

"काका, ही अजून आहे?"

"आहे की. टाकवत नाही आणि वापरवत नाही. मागचा पाय खुळखुळतो तिचा."

"छान. गाडीत ठेवा."

ऑपरेशननंतर ताईला एका पायरीवर चढण्या-उतरण्याचा सराव करायला सांगितले होते. ताईचे लग्न झाले नव्हते आणि धाकटीचेही नाही. त्यामुळे थोरलीला सांभाळायला धाकटीच तिच्या घरी राहायला आली होती. तिने स्वयंपाकघरातल्या सुरीने लाकडाच्या ढलपीची एक पाचर तासली, ती माझ्या हलणाऱ्या पायाच्या सांध्यात ठोकली आणि मला ताईच्या पलंगासमोर मांडले.

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरात दुसरं काही नव्हतं?"

"होतं की. चांगलं स्टूल आहे. पण म्हटलं, तुझी हिच्याशी जुनी ओळख आहे."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. ताईला माझे धरावे लागले. सकाळी व्यायाम शिकवणारी बाई येई. ती 'एक-दोन, एक-दोन' असे ओरडे, म्हणून घरात तिचे नाव एकदोनबाई पडले होते. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी," ती बजावी. ताई काठी टेकत माझ्या पहिल्या टप्प्यावर चढे आणि उतरे. तिला खाली वाकायला मनाई होती. खाली बसायची, पायावर पाय टाकायचीही मनाई होती. मोजेसुद्धा धाकटी घालून देई.

"हळू ओढ ना! मोजा आहे तो, पोतं नव्हे," ताई ओरडे.

"पाय आहे तुझा, पाळणा नव्हे," धाकटी शांतपणे म्हणे.

ताई दुसरा पाय निमूट पुढे करी. तिला ते आठवत होते, हे मला तेव्हा कळले. माझा समज होता की ती विसरली असेल. विसरलेल्यावर सूड उगवण्यात काय मजा? आठवत होते, म्हणजे माझा राग फुकट गेला नव्हता.

काही महिन्यांनी दोघी डॉक्टरांकडून परत आल्या. ताई काठी न टेकता आत आली.

"हो म्हणाले ते! घोड्यावर बसायला हरकत नाही म्हणाले."

"आणखी काय म्हणाले ते पण सांग ना."

"पडायचं नाही, म्हणाले."

"आणि?"

ताईने खिडकीबाहेर पाहिले. "घोडा अगदी स्थिर उभा पाहिजे."

"आणि?"

"जमिनीवरून चढायचं नाही. उंच पायरीवरून चढायचं."

"कधीपर्यंत?"

"कायमचं."

धाकटी हसायला लागली. हसता हसता तिला उभे राहवेना. ती माझ्यावरच बसली आणि डोळे पुसत राहिली. ताईने दुपारी, पागेत कुणी नसताना जाऊ म्हटले. धाकटी म्हणाली, "मला सुट्टी रविवारचीच असते." रविवारी सकाळी पागेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते, हे दोघींनाही चांगले माहीत होते.

तो रविवार मी कधीच विसरणार नाही. शिकायला येणारी मुले, त्यांचे आईवडील, जुने स्वार, सगळे कुंपणाला रेलून उभे होते. ताई पुन्हा घोड्यावर बसणार म्हणून कुणी कुणी फुलेही आणली होती. धाकटीने मला गाडीतून उतरवून भर अंगणात मांडले. मग तिने माझ्यापाशी गुडघा टेकला, पाचर बोटांनी हलवून पाहिली आणि सहज ओढून खिशात टाकली. माझा पाय मोकळा झाला. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली ते असे आयते माझ्या हाती आले होते. माझे सगळे लाकूड ताणले गेले.

काकांनी राणीसरकारला आणले. ताई पहिल्या टप्प्यावर चढली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आणि राणीसरकार चालू पडली. काकांनी तिला वळवून आणले. ती पुन्हा चालू पडली. तिसऱ्यांदाही तेच झाले. पेराल ते उगवते. कुंपणाशी कुणी हसले नाही, कारण आता हसायची आज्ञा करणारी बाईच माझ्यावर उभी होती.

"मी धरते," असे म्हणून धाकटी पुढे झाली आणि तिने घोडीचे तोंड धरले. घोडी घटकाभर थांबली. ताईने डावा पाय रिकिबीत घातला. आता नवा सांधा असलेला उजवा पाय माझ्यावरून उचलायचा होता. माझा पाय हलू लागला. ताईला तो हललेला जाणवला. तिने घाईने खोगीर धरले.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "मी च्यक् करू?"

ताईचा चेहरा पांढरा पडला. "नको."

"का?"

"पडेन मी."

"मी पडले होते."

अंगणात घोड्यांच्या शेपट्यांखेरीज काही हलत नव्हते. मी सुद्धा नाही. मला ऐकायचे होते.

"हो," ताई म्हणाली. "मी पाडलं होतं तुला."

"मोठ्यानं सांग. मागच्यांना ऐकू आलं नाही."

ताईने कुंपणाकडे पाहिले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. मला वाटले, ही आता धाकटीवर डाफरणार. पण ती ज्या आवाजात शिकाऊंना हुकूम सोडी त्याच आवाजात बोलली, "मी हिला पाडलं होतं. मुद्दाम. सगळ्यांना हसवायला. आणि बाबांना सांगितलं की पायरी मोडली. मोडली नव्हती."

"आता उतर," धाकटी म्हणाली. "दुखरा पाय आधी."

"उतरू?"

"आधी माझी पाळी. ती अर्धी राहिली होती."

ताई उतरली. तिने घोडीचे तोंड धरले आणि धाकटी माझ्यावर चढली. इतक्या वर्षांनी तो जाड तळाचा बूट माझ्या पहिल्या टप्प्यावर पडला. मित्रांनो, माझा हलणारा पाय मी जमिनीत असा रोवला की तिला काही कळलेही नाही. राणीसरकार मात्र सवयीने चालू पडली. ताईने तिला वळवून आणले, मानेवर थोपटले, "थांब बाई, थांब," म्हणून विनवले. आयुष्यभर घोड्यांना पायरीपासून पळायला शिकवणारी ती बाई सगळ्यांसमोर घोडीला पायरीशी थांबायला शिकवत होती. पुन्हा पुन्हा वळवून आणता आणता तिला घाम फुटला. शेवटी घोडी थांबली. धाकटी बसली आणि अंगणाला एक सावकाश फेरी घालून आली. तिचा चष्मा नाकावर घसरला होता, तो तिने सावरलासुद्धा नाही.

"आता मी?" ताईने विचारले.

"पुढच्या रविवारी. घोडी अजून पक्की नाही. तुझा सांधा नवा आहे."

पुढच्या रविवारीही तेच झाले, त्याच्या पुढच्याही. दर वेळी धाकटी बसे आणि ताई घोडी धरून उभी राही. यात काळजी किती होती आणि सूड किती, हे मलाही नीट सांगता येणार नाही. मला दोन्ही गोड लागले. राणीसरकार माझ्याशेजारी दगडासारखी उभी राहू लागली, तेव्हाच धाकटीने ताईला वर येऊ दिले.

आणि मी? त्या दिवशी ताई माझ्या तिसऱ्या टप्प्यावर चढली, तेव्हा पाचर सांध्यात नव्हती.

"पायरी हलतेय गं," ती म्हणाली.

"हलणारच. लाथ कुणी घातली होती?"

"मी."

"पाचर माझ्या खिशात आहे."

ताईला वाकायला मनाई आहे, त्यामुळे ती स्वतः पाचर बसवू शकत नाही. मी वाट पाहिली. "बसव ना गं," ताई म्हणाली. मी थांबलेच. "बसव ना गं, बाई माझी," ती म्हणाली. तेव्हा धाकटीने गुडघा टेकून पाचर ठोकली. मी तिला पाडू शकले असते. पण पाडणे एकदाच होते आणि मागायला लावणे रोज होते. मी हिशेबी आहे. मी घट्ट उभी राहिले. ताई उजवा पाय खोगिरावरून पलीकडे टाकून बसली, लगाम हातात घेतला आणि पाठ ताठ करून निघाली. तिला तेव्हा रडू येत होते. मी ते पाहिले आणि मला त्याचेही बरे वाटले.

आता पागेत सगळे माझ्यावरूनच चढतात. च्यक् करणाऱ्याला लीद झाडावी लागते. जित्याची खोड म्हणतात तशी ताईची जीभ एकदा टाळ्याला लागली होती. लांब दांड्याचा झाडू घेऊन तिने दोन ठाणे झाडली आणि धाकटी कुंपणावर बसून शेंगदाणे खात होती.

परवा एक सुतार आला होता. मला उलटी करून म्हणाला, "एक खिळा मारला की पाय कायमचा बसेल. पाचरीची कटकट नको." मी धाकटीकडे पाहिले. ती पाचर बोटांत फिरवत राहिली. सुताराने हातोडी काढली.

"राहू द्या," ताई म्हणाली. "हिला हात लावायचा नाही."

म्हणून मी अजून तशीच आहे. प्रत्येक फेरीनंतर धाकटी पाचर काढून घेते आणि प्रत्येक फेरीआधी ताई सगळ्यांसमोर हात पुढे करून 'बसव ना गं' म्हणते. मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही. फक्त माझे येणे रोज थोडे थोडे वसूल होते.

मित्रांनो, मला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरात, शाळेत कुणीतरी कुणाच्या आधाराने चढत असेल. कुणी काठीने, कुणी जाड चष्म्याने, कुणी माझ्यासारख्या पायरीने. त्यांना हसण्याआधी आणि त्या आधाराला लाथ घालण्याआधी आपापले खुबे चाचपून पाहा. ते झिजतात. आणि आम्ही लाकडाच्या वस्तू कोपऱ्यात उभ्या राहून वाट पाहू शकतो, तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त.